जुनं घर पाडण्याआधी: आधी कागद, मग टेप, शेवटी पहार

गावातलं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो. दोन दिवसांत जागा मोकळी होते. मग इंजिनियर येतो, तो कागद मागतो, आणि तेव्हा कळतं की मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव आहे, मागच्या बाजूला शेजाऱ्याने हातभर आत कुंपण सरकवलंय आणि रस्त्यासाठी सोडायच्या जागेत अर्धं घर जातंय. घर उभं असतं तर यातल्या प्रत्येक गोष्टीवर काहीतरी मार्ग होता. पाडल्यावर यातले बरेच बंद होतात.

ही एक गोष्ट मनात पक्की धरा: उभं घर हा पुरावा असतो. हद्दीचा, क्षेत्रफळाचा, वहिवाटीचा, वाटेचा, पाण्याचा. घर पाडलं की तो पुरावा ट्रॉलीत भरून निघून जातो. म्हणून खालचा क्रम कंटाळवाणा वाटला तरी बदलू नका.

हा लेख गावठाणातल्या किंवा लहान शहरातल्या मातीच्या, जांभ्याच्या, विटांच्या, कौलारू किंवा माळवदाच्या घरांसाठी आहे. सोसायटीच्या पुनर्विकासाचा मार्ग वेगळा, तो इथे घेतलेला नाही.

## १. पाडायचंच आहे का, हे आधी ठरवा

"भिंतीला तडे गेलेत" हे पाडायला पुरेसं कारण नाही. तडा जुना आहे की वाढतोय, हे पाहा. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करून अंतर लिहून ठेवा, किंवा तड्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवा. दोन-तीन महिन्यांत काच फुटली तर भिंत हलते आहे.

लाकूड तपासताना मधला भाग बघून काही कळत नाही. तुळई कुजते ती टोकाला, भिंतीत घुसलेल्या भागात, कारण तिथे ओल धरते. टोकाजवळ पेचकस दाबून बघा. बोटभर आत गेला तर तुळई गेलेली आहे, दाद देत नसेल तर अजून बरीच वर्षं तिची आहेत. खांबाचं बूड आणि कौलं गळतात तिथले वासे, हेही असेच तपासा.

बऱ्याच घरांत भिंती धड असतात आणि फक्त छप्पर गेलेलं असतं. काही घरांत मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला असतो. त्यामुळे आतली ओल बाहेर पडत नाही आणि पायथा भुसभुशीत होतो. अशा वेळी गिलावा काढून दुरुस्ती जमते का, हे विचारा. ते विचारताना ज्याला पुढे बांधकामाचं काम मिळणार आहे त्याला विचारू नका. फी देऊन बाहेरच्या इंजिनियरला बोलवा.

दुरुस्ती की पाडकाम, हा निर्णय तिसरा टप्पा वाचल्याशिवाय पक्का करू नका. काही ठिकाणी दुरुस्तीला परवानगी मिळते, पाडून नवं बांधायला मिळत नाही.

## २. जागा कोणाची, सह्या कोणाच्या

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पुढचे उतारे काढा आणि एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचा:

- सिटी सर्व्हे झालेल्या भागात मिळकत पत्रिका. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर खेड्यातही ती मिळते.
- गावठाणाबाहेरच्या जमिनीवर घर असेल तर सातबारा, आणि जमीन अकृषिक झाली असेल तर त्याचा आदेश.
- ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा नगरपालिकेचा आकारणी उतारा. जितका जुना मिळेल तितका चांगला.

एक गल्लत कायम होते. महसूल खात्याचा 'आठ-अ' आणि ग्रामपंचायतीचा 'नमुना ८' हे दोन वेगळे कागद आहेत. पहिल्यात खातेदाराची जमीन दिसते, दुसऱ्यात घराची कर आकारणी. आणि घरपट्टीला तुमचं नाव आहे म्हणून तुम्ही मालक ठरत नाही. कर कोण भरतो एवढंच त्यावरून कळतं.

वारस नोंद राहिली असेल तर ती आधी करून घ्या. त्यात लग्न होऊन गेलेल्या बहिणी आणि वारलेल्या भावाची मुलं येतात. "ताईला काय विचारायचं, ती काही मागणार नाही" हे वाक्य मी फार घरांत ऐकलंय. ताई मागतही नाही, पण ताईची मुलं पुढे मागतात, आणि कोर्टाकडून 'जैसे थे'चा आदेश आला की जुनं घर पडलेलं आणि नवं पायातच थांबलेलं, अशी स्थिती होते. त्या घरातली म्हातारी माणसं भाड्याच्या खोलीत राहतात.

सह्या घेताना दोन कागद वेगळे ठेवा. संमतीपत्र म्हणजे घर पाडायला आणि बांधायला हरकत नाही. हक्कसोडपत्र म्हणजे हिस्सा सोडला, आणि त्याची नोंदणी करावी लागते. संमतीपत्रात "या संमतीने माझ्या हिश्शावर कोणताही परिणाम होत नाही" असं वाक्य स्पष्ट घाला. नात्यातली निम्मी माणसं सही करायला बिचकतात ती याच भीतीने. वाक्य लिहिलेलं दिसलं की काका-आत्या मोकळेपणी सही करतात.

नव्या घरात कोणाला कोणती खोली, खर्च कोणाचा किती, हेही याच वेळी लिहा. चाकरमानी भाऊ पैसे पाठवतो, गावातला भाऊ राबतो, आणि दोघांनाही आपलंच जास्त झालं असं मनापासून वाटत असतं.

भाडेकरू असेल तर: घर पाडलं म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये पाडून नवं बांधण्यासाठी ताबा मागण्याची वेगळी तरतूद आहे, त्याच वाटेने जा. धोकादायक इमारतीची नोटीस आली असली तरी भाडेकरूच्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप दोघांच्या सहीने आधी करून ठेवा.

घरावर कर्ज असेल तर: गहाण ठेवलेलं घर पाडणं म्हणजे बँकेचं तारण नष्ट करणं. बँकेची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय कौलालाही हात लावू नका.

## ३. पाडल्यावर तिथे पुन्हा बांधता येईल का?

हा प्रश्न पाडण्याआधी विचारणारा माणूस मला क्वचित भेटतो. "आमचीच जागा, आमचंच घर, का नाही बांधता येणार?" असं वाटणं साहजिक आहे. पण जुनं घर ज्या काळात बांधलं त्या काळात आजचे नियम नव्हते. ते उभं आहे तोवर आहे. नवं मात्र आजच्या नियमांनी बांधावं लागतं.

रस्ता आणि मोकळी जागा. जुनी घरं रस्त्याला चिकटून असतात. नव्या बांधकामाला समोर, बाजूला, मागे अंतर सोडावं लागतं आणि विकास आराखड्यात रस्ता रुंद दाखवला असेल तर तेवढी जागा आधीच जाते. अरुंद, लांबट जागेत हे सगळं वजा केल्यावर किती रुंदी उरते, ते कागदावर काढून बघा. पंधरा फूट रुंदीच्या घराचा दहा फुटांचा बोळ झालेला मी पाहिलाय.

संरक्षित स्मारक. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र असतं आणि त्यापुढचं २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. नियंत्रित क्षेत्रात परवानगी घेऊन बांधता येतं. प्रतिबंधित क्षेत्रात मात्र जुन्या घराची दुरुस्ती किंवा नूतनीकरणच करता येतं, तेही अर्ज करून. म्हणजे पुण्यात शनिवारवाड्याभोवतीच्या १०० मीटरमधला वाडा पाडला, तर त्या जागी तसाच वाडाही उभा करता येत नाही. किल्ले, लेणी, जुनी देवळं यांच्याजवळच्या गावांनी हे अंतर पहिल्या दिवशी तपासावं.

समुद्र आणि खाडी. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ची. भरतीरेषेजवळच्या ज्या पट्ट्यात नवं बांधकाम बंद आहे, तिथेही अधिकृत जुन्या घराला आहे तेवढ्याच जोत्यावर, आहे तेवढ्याच क्षेत्रफळाचं पुन्हा बांधायची मुभा असते. पण त्यासाठी घर अधिकृत होतं, कधीचं होतं आणि जोतं किती होतं, हे दाखवावं लागतं. १९९१च्या आधीचे आकारणी उतारे इथे सोन्यासारखे. गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पलीकडे गोव्यातही किनाऱ्यावर घर असलेल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

पाडायला वेगळी परवानगी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये 'विकास' या शब्दाच्या व्याख्येतच असलेली इमारत पाडणं येतं. म्हणून नगरपालिका, महापालिका किंवा नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीत पाडकामही परवानगीचं काम आहे. खेड्यात ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी "हो हो, पाडा" याला काही किंमत नाही.

झाडं. अंगणातला आंबा-फणस आड येत असेल तर शहरी भागात १९७५च्या आणि ग्रामीण भागात १९६४च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्या. मी तर म्हणेन, नकाशाच झाडाभोवती काढा. घर दोन वर्षांत उभं राहतं, फणसाला तसं राहायला तुमचं निम्मं आयुष्य लागेल.

> इथे थांबा. नव्या घराचा मंजूर नकाशा हातात आला का? आला असेल तरच पुढे. मोजणीचा अर्ज तेवढा आधीच टाकायचा, तो चौथ्या टप्प्यात आहे. बांधकाम परवानगी साधारण एक वर्षाची असते, मुदतवाढ मागावी लागते. म्हणून ती फार आधीही काढून ठेवू नका.

## ४. घर उभं असतानाच मोजून घ्या

भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. मोजणीच्या दिवशी लगतच्या सगळ्या धारकांना नोटिसा जातात. ते हजर राहतील असं बघा, चहा पाजा, आणि खुणा त्यांच्या देखत पक्क्या करा. नंतर 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मागून घ्या. अर्ज केल्यापासून मोजणी होईपर्यंत बराच वेळ जातो, त्यामुळे हा अर्ज सगळ्यात आधी टाका. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याची कामं त्या वेळात होतात.

सरकारी मोजणीशिवाय स्वतःचीही एक नोंद करा. ती अशी:

घराची बाहेरून लांबी-रुंदी, प्रत्येक खोलीची आतली मापं, जोत्याची उंची, भिंतीची जाडी, आढ्याची उंची. मग ठरावीक गोष्टींपासूनची अंतरं: विहीर, देऊळ, विजेचा खांब, शेजाऱ्याच्या घराचा कोपरा, रस्त्याची मोरी. ज्या गोष्टी हलत नाहीत त्यांच्यापासून मोजा. कुंपणापासून मोजू नका, कुंपणं चालतात.

पागोळीची रेघ. कौलारू घरांत हे सर्वांत जास्त विसरलं जातं. पावसाचं पाणी जिथे पडतं ती पागोळीची जागा घरमालकाची, असं गावोगाव धरलं जातं. पण कागदावर बऱ्याचदा भिंतीपर्यंतचंच घर दिसतं. छप्पर उतरलं की पागोळी नाहीशी, आणि दीड-दोन फुटांची ती पट्टी कोणाची, यावर दोन घरांचं बोलणं बंद होतं. छप्पर असतानाच ओळंबा सोडून पागोळीच्या रेघेवर दगडी खुणा रोवा आणि शेजाऱ्यासोबत उभं राहून फोटो काढा.

वाटेचंही तसंच. घराकडे येणारी पाखाडी कोणाच्या जागेतून येते, किती रुंद आहे, बैलगाडी जायची का, हे लिहा. घर वर्षभर नसलं की वाटेवर लाकडं रचली जातात. सांडपाण्याची मोरी कुठून कुठे वाहते, विहिरीवर कोणाकोणाचा हक्क आहे, हेही लिहा.

शेवटी एक सलग व्हिडिओ. रस्त्यापासून सुरुवात, घराला पूर्ण फेरा, मग आत प्रत्येक खोली. बोलत बोलत काढा: "ही पूर्वेची भिंत, पलीकडे अमक्यांचं घर." हा व्हिडिओ किमान तिघांच्या फोनमध्ये असू द्या.

## ५. सामाईक भिंत

आळीतली, पेठेतली घरं एकमेकांना टेकून उभी असतात. तुमच्या तुळया ज्या भिंतीत आहेत तिच्यातच पलीकडून शेजाऱ्याच्याही असतात. दोन्ही बाजूंच्या आधाराने ती भिंत शंभर वर्षं उभी राहिली. तुम्ही तुमची बाजू काढली की ती एका अंगाने मोकळी होते.

माझ्या आजोळी हे घडलं. मामाने घर उतरवलं मार्चमध्ये, पाया राहिला, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सामाईक भिंतीचा उघडा पडलेला मातीचा भाग पावसाने धुवून काढला. रात्री शेजारच्या घरातली पोटमाळ्याची एक बाजू खाली आली. तिथे रोज झोपणारी आजी त्या दिवशी लेकीकडे गेली होती. मामा आजही त्या रात्रीबद्दल बोलत नाही. दोन ताडपत्र्या आणि चार टेकू एवढंच करायला हवं होतं.

म्हणून:

- शेजाऱ्याच्या घरातले आधीचे तडे त्यांच्यासोबत बघा, फोटो काढा, दोघांनी सह्या करा. नंतर "हा तडा तुमच्यामुळे" हा वाद होत नाही, आणि खरंच तुमच्यामुळे पडला तर तोही कळतो.
- भिंत कोणाची, सामाईक की एकाची, हे लिहून घ्या. नवी भिंत स्वतंत्र बांधायची की नाही, तेही.
- तुमच्या तुळया काढायच्या आधी त्या भिंतीला तिरके टेकू द्या. तुळई निघाल्यावर राहिलेलं भोक त्याच दिवशी वीट आणि चुन्याने बुजवा.
- उघड्या पडलेल्या बाजूला गिलावा करा किंवा पत्रा-ताडपत्री पक्की बांधा. पाऊस लांब असला तरी वळीव येतोच.
- तिथे नवा पाया खोदताना पूर्ण लांबीचा चर एकदम खोदू नका. चार-पाच फूट खोदा, भरा, मग मधली जागा सोडून पुढचा तुकडा घ्या.

सावध: शेजाऱ्याच्या भिंतीला लागून असलेला जुना पाया "नवा टाकायचाच आहे" म्हणून जेसीबीने उपटू नका. त्याच्या भिंतीचं बूड त्यावर टेकलेलं असू शकतं.

## ६. हंगाम, सामान आणि देव

पाडकाम दिवाळीनंतर, आणि जोतं मे अखेरपर्यंत पुरं, हे गणित जमत असेल तरच या वर्षी हात घाला. मार्च-एप्रिलमध्ये पाडलेली घरं पावसाळ्यात चिखलाचा खड्डा होऊन बसतात.

कोकणात अजून एक प्रश्न आधी सोडवा: पुढच्या वर्षी गणपती कोणाकडे बसणार? घरातले देव, टाक, देवक कुठे हलवणार? भाऊबंदांच्या बैठकीत हे नक्की झालं की बाकीच्या गोष्टीही सोप्या होतात, हा माझा अनुभव.

सामान हलवताना आढ्यावर, कोनाड्यांत, पेट्यांत सापडलेले जुने कागद रद्दीत घालू नका. मोडीतले असतील तर वाचून घ्या. त्यात वाटणीपत्र, खरेदीखत, कधी विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या निघतात. भिंतीत किंवा जमिनीत नाणी, दागिने सापडले तर १८७८च्या भारतीय निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपयांवरच्या कुठल्याही ठेव्याला तो लागू होतो. मजुरांसमोर ओंजळ पसरून वाटणी करू नका.

## ७. वीज, पाणी, टाकी

वीज आतल्या मेन स्विचने बंद करून भागत नाही. महावितरणला अर्ज देऊन सर्व्हिस वायर खांबावरून सोडवा आणि मगच काम सुरू करा. इन्व्हर्टर किंवा छतावर सोलर असेल तर तेही उतरवा. दोन चुका इथे होतात. कोणी कनेक्शन कायमचं बंद करून टाकतो आणि नंतर नव्याने सगळं करत बसतो. मीटर त्याच आवारात दुसरीकडे हलवता येतं का ते आधी विचारा. दुसरा घरगुती मीटरवरूनच बांधकाम चालवतो. तो वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरू शकतो आणि बिल जबर येतं. बांधकामासाठी तात्पुरतं कनेक्शन घ्या.

नळ तोटीपाशी नाही, मुख्य लाइनपाशी बंद करा. गॅस सिलिंडर आणि शेगडी बाहेर.

संडासाची टाकी, शोषखड्डा आणि घरातला जुना आड, या तिन्हींच्या जागा चुन्याने आखा आणि कठडा करा. जेसीबीचं चाक टाकीच्या फरशीवर गेलं की फरशी बसते. टाकी रिकामी करायला कोणालाही आत उतरवू नका. त्या वायूने माणूस हाक मारायच्या आत जातो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. उपसा गाडीच्या नळीनेच करा.

## ८. पाडणाऱ्याशी लेखी बोला

दोन पद्धती असतात. एक, तुम्ही मजुरी देता आणि सगळा माल तुमचा. दोन, जुनं लाकूड घेणारा घर अंगावर घेतो, माल नेतो आणि वर तुम्हाला पैसे देतो. दुसरी पद्धत स्वस्त वाटते, पण त्याचं लक्ष सागाच्या खांबांवर असतं. खांब-तुळया गेल्या की माती-दगडांचा ढीग तुमच्यासाठी राहतो.

आधी मालाची यादी करा: सागवान, शिसव, फणस, ऐन यांच्या तुळया आणि खांब नगावर आणि मापावर, दारं, चौकटी, झोपाळ्याच्या कड्या, कौलं, चिरे, फरश्या. किमान दोन व्यापाऱ्यांचे भाव घ्या. जे नव्या घरात वापरायचं त्यावर रंगाने खूण करा. सागवान गावाबाहेर न्यायचं असेल तर वाहतूक पास लागतो का, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. वाटेत गाडी अडली की व्यापारी तुम्हालाच फोन करतो.

करारात हे हवंच: काय पाडायचं आणि काय नाही, किती दिवस, राडारोडा कोण उचलणार, शेजाऱ्याचं नुकसान कोण भरणार, मजुरांचा विमा कोणाचा. शेवटचा मोठा हप्ता जागा साफ झाल्यावर.

## ९. उतरवण्याचा क्रम

ज्या क्रमाने घर चढलं, त्याच्या उलट ते उतरतं. शेवटी चढलेलं आधी काढायचं.

दारं-खिडक्यांच्या फक्त फळ्या काढा, चौकटी नाही. मातीच्या आणि चिऱ्याच्या भिंतीत चौकट वरचा भार धरून असते. लाकूडवाला चौकटीच आधी मागतो. देऊ नका.

कौलं आढ्यापासून खाली, दोन्ही पाखांवरून (छपराच्या उतारांवरून) सारखी. एक पाखं पूर्ण मोकळं आणि दुसऱ्यावर सगळा भार, असं झालं की छप्पर एका अंगाला रेटा देतं. मजुरांनी कौलावर नाही, वाशांवर आडव्या टाकलेल्या फळीवर पाय ठेवावा. कौलं उभी रचा, आडवी थप्पी खालून फुटते. कौलांखाली साप, विंचू, गांधीलमाशा असतात, हातमोजे द्या.

सिमेंटचे पत्रे असतील तर फोडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि धूळ फुप्फुसात बसते. ओले करा, नटबोल्ट काढा, अख्खे उतरवा, तोंडाला चांगला मास्क बांधा.

मग रिपा, मग वासे, मग आढं. वासे निघाल्यावर आढ्याखालची त्रिकोणी भिंत एकटी पडते. ती त्याच दिवशी उतरवायची. रात्रभर तशी ठेवायची नाही.

माळवदाचं घर असेल तर वरची माती आधी घमेल्यांनी पूर्ण उतरवा, खालून तुळईला टेकू देऊन. थोडी माती काढून लगेच कड्या ओढायला गेलात की उरलेली सगळी माती खाली उभ्या माणसावर येते.

पोटमाळ्यावर राडारोडा साठू देऊ नका. भिंतीला टेकूनही रचू नका, तो रेटा देतो.

भिंती वरून खाली, थराथराने. बुडाशी खाच पाडून भिंत ढकलायची पद्धत गावात अजून चालते आणि दर वर्षी माणसं तिच्याखाली जातात. संध्याकाळी काम थांबताना कोणतीही सुटी भिंत छातीपेक्षा उंच राहता कामा नये.

धुळीसाठी पाणी ढिगावर मारा, उभ्या मातीच्या भिंतीवर नको. भिजलेली मातीची भिंत क्षणात बसते.

जेसीबी लावायचा तर छप्पर आणि तुळया हाताने उतरल्यावर, आणि सामाईक भिंतीपासून लांब. भिंतीच्या दीडपट उंचीइतक्या अंतरात कोणी उभं नको. मुलं तर आळीतच नकोत, शाळेच्या वेळेत काम करा.

> रोज सकाळी बघा: सामाईक भिंतीच्या तड्यावर पहिल्या टप्प्यासारखी चिकटवलेली काचेची पट्टी फुटली का? टेकू सैल झाले का? रात्री पाऊस पडला का? यातलं एकही 'हो' असेल तर त्या बाजूचं काम बंद.

## १०. राडारोडा किती, जाणार कुठे

अंदाज आधी काढता येतो. समजा ३० बाय ४० फुटांचं घर. बाहेरच्या भिंती १४० फूट, आतल्या ६०, एकूण २०० फूट लांबी. उंची ९ फूट, जाडी दीड फूट. म्हणजे २७०० घनफूट. दारं-खिडक्या वजा जाता साधारण २४००. सुटा झाला की माल फुगतो, दीडपटीच्या जवळ जातो, तर ३३-३४ ब्रास धरा (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). ट्रॉलीत एक ब्रास बसला तर तेवढ्याच खेपा. ठेकेदार "दहा-बारा ट्रॉल्यांत उरकेल" म्हणाला की हा हिशोब पुढे ठेवा.

चिरे, दगड, अख्ख्या विटा वेगळ्या. पांढरी माती वेगळी. प्लास्टिक, वायरी, काच वेगळी. ओढ्यात, खाडीत, विहिरीत टाकू नका. पुढच्या पावसात पाणी तुमच्याच आळीत शिरेल.

मोठी चूक: जुन्या भिंतीची माती नव्या जोत्यात भरणं. त्यात भुसा, गवत, वाळवी असते. ती कुजते, बसते, आणि दोन वर्षांत फरशी पोकळ वाजायला लागते. जोत्यात मुरूमच भरा, सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुमसून. विटांचे आणि दगडांचे तुकडे चालतात. पांढरी माती शेतात किंवा परसात जाऊ द्या, झाडं खूश होतात.

## ११. जागा मोकळी झाल्यावर पहिले आठ दिवस

हद्दीच्या खुणा जागेवर आहेत का, ते 'क' प्रत हातात घेऊन तपासा. जेसीबीने एखादी उखडली असेल तर लगतच्या धारकाला बोलावून त्याच दिवशी पुन्हा रोवा. तारेचं कुंपण लगेच घाला, पागोळीच्या रेघेपर्यंत. पाखाडीवर पडलेले दगड आधी उचला आणि वाट चालती ठेवा.

ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत घर पाडल्याचं लेखी कळवा, सोबत पाडकामाआधीचे फोटो आणि मोजमापं जोडा. घर क्रमांकाची नोंद काढून टाकू नका, तोच क्रमांक नव्या बांधकामाला मागा. घरपट्टी या काळात कशी आकारणार ते विचारून घ्या आणि जी येईल ती भरत राहा. मधली दोन वर्षं कोरी राहिली की नोंद पुन्हा सुरू करायला खेटे घालावे लागतात.

शेजाऱ्याकडे एकदा जाऊन या. त्यांच्या बाजूची भिंत आतून बघा, नवा तडा दिसला तर तेव्हाच बुजवून द्या. आणि तुळशीवृंदावन हलवलं असेल तर त्या जागी एक दगड ठेवा, म्हणजे नव्या नकाशात अंगण कुठे येतं ते खोदणाऱ्याला कळेल.